खुर्ची हटली, काम तिथेच

जबलपूरच्या राइट टाउन, नेपियर टाउन, सिव्हिक सेंटर किंवा विजयनगरमध्ये ऑफिसची इमारत नवी बांधायची असो की जुनी सजवायची असो, मालकासमोर हल्ली एक प्रस्ताव हमखास येतो. तळमजल्यावरचं चौकशीचं टेबल काढा, त्यामागची खुर्ची काढा, खुर्चीतल्या माणसाचा पगार वाचवा. त्या जागी स्टँडवर एक टॅबलेट बसवा, भिंतीवर क्यूआर कोड लावा. येणारा स्वतः नाव टाकेल, मोबाइलवर ओटीपी घेईल, फोटो काढून वर जाईल. प्रस्ताव देखणा असतो आणि त्याच्या बाजूनं चार युक्तिवाद ठरलेले असतात: पैसे वाचतात, सुरक्षा वाढते, नोंदी चोख राहतात आणि दारातल्या माणसाची मनमानी संपते.

यातला एकही युक्तिवाद मूर्खपणाचा नाही. चौथा तर चांगलाच वजनदार आहे. पण चारही युक्तिवाद एका चुकीच्या गृहीतकावर उभे आहेत. ते असं, की स्वागतकक्षातला माणूस नोंद करण्यासाठी बसलेला असतो. नोंद हे त्याच्या कामातलं सगळ्यात सोपं काम. खरं काम असतं ते आलेल्याला नेमकं काय हवंय हे ओळखण्याचं आणि ते कुठे मिळेल हे सांगण्याचं. खुर्ची काढली म्हणून हे काम नाहीसं होत नाही. ते दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात पडतं, आणि ज्याच्या गळ्यात पडतं त्याला ना त्याचं शिक्षण मिळालेलं असतं, ना त्याचे पैसे.

ते कुणाच्या गळ्यात पडतं हे पाहायला लांब जायला नको. ‘माणूस नसलेल्या’ बहुतेक स्वागतकक्षांत एक माणूस असतोच: सुरक्षारक्षक. उन्हानं फिकट झालेला क्यूआर कोडचा कागद दाराच्या काचेवर चिकटवलेला असतो, आणि त्याच्या शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर गार्ड. त्याच्यापुढे जाड पुठ्ठ्याचं रजिस्टर आणि सुतळीनं बांधलेलं पेन. टॅबलेट बंद पडला, नेट गेलं, ओटीपी आला नाही, की रजिस्टर उघडतं. नाव, कुणाकडे, काम काय, मोबाइल, आत किती वाजता, बाहेर किती वाजता. यानंतर प्रत्येक जण त्यालाच विचारतो: भैया, फलाणं ऑफिस कितव्या मजल्यावर? साहेब आलेत का? हा कागद इथेच द्यायचा ना? गार्ड जमेल तसं उत्तर देतो. कधी ते बरोबर निघतं, कधी माणूस चौथ्या मजल्यावरून परत खाली येतो.

या गार्डला कायद्यानं काय शिकवलेलं असतं? खासगी सुरक्षा संस्थांचं नियमन करणारा केंद्रीय कायदा २००५ चा, आणि त्याखाली केंद्राचे नमुना नियम आहेत. त्यांनुसार रक्षकाला किमान १०० तासांचं वर्गातलं आणि ६० तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण हवं. विषय आहेत आग विझवणं, गर्दी आवरणं, ओळखपत्रं तपासणं, स्फोटक वस्तू ओळखणं, प्रथमोपचार. सगळे गरजेचे, आणि सगळे धोका ओळखण्याचे. गरज ओळखण्याचा विषय त्यात नाही, आणि असायचं कारणही नाही, कारण ते त्याचं काम नाही. समोरच्याकडे संशयानं पाहणं हा ज्याच्या नोकरीचा भाग आहे, त्यालाच आपुलकीनं विचारपूस करायला सांगायचं, तेही बारा-बारा तासांच्या पाळीत, म्हणजे दोन्ही कामं बिघडवणं. स्वागत तर धड होत नाहीच. शिवाय गार्ड कुणाला तरी मजला समजावून सांगत असतो तेव्हा त्याची दाराकडे पाठ असते.

यंत्राशेजारी माणूस लागतो, याची कबुली देशातल्या सर्वांत मोठ्या संस्थांपैकी एकीनं कधीच दिली आहे. जबलपूर हे पश्चिम मध्य रेल्वेचं मुख्यालय, १ एप्रिल २००३ पासून. रेल्वेनं स्टेशनांवर अनारक्षित तिकिटांची स्वयंचलित यंत्रं बसवली. पडद्यावर बोट ठेवा, स्टेशन निवडा, तिकीट घ्या, असा साधा हिशेब. खिडकीवरची रांग कमी व्हावी हा हेतू. पण लोक यंत्रासमोर अडायला लागले. तेव्हा रेल्वेनं त्याच यंत्रांपाशी सहायक नेमायची योजना आणली. निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्यांना तिथे उभं केलं आणि विकलेल्या तिकिटांवर कमिशन देऊ केलं. प्रवासी आजही त्या सहायकाला गावाचं नाव सांगतो, पैसे देतो आणि तिकीट घेतो. बोट पडद्यावर पडतं ते सहायकाचं. रेल्वे यात हरली असं म्हणायचं कारण नाही. तिनं वस्तुस्थिती पाहिली आणि प्रामाणिकपणे बदल केला. रोज लाखो माणसांशी व्यवहार करणाऱ्या संस्थेला जे कळलं, ते आठ ऑफिसांच्या इमारतीच्या मालकाला कळायला हरकत नसावी.

जपानचा दाखला तर याहून उघड आहे. नागासाकी प्रांतात २०१५ मध्ये ‘हेन ना’ नावाचं हॉटेल सुरू झालं. स्वागतकक्षात माणसं नाहीत, यंत्रमानव, त्यांतला एक डायनोसॉरच्या रूपातला. जगभर त्याचं कौतुक झालं. २०१९ च्या सुरुवातीला बातमी आली की हॉटेलनं आपल्या २४३ यंत्रमानवांपैकी निम्म्याहून अधिक काढून टाकले. काउंटरवरच्या यंत्रांना परदेशी पाहुण्यांच्या पासपोर्टची प्रत काढता येत नव्हती, म्हणून त्यासाठी माणसं धावत होती. यंत्रांनी काम कमी करण्याऐवजी वाढवलं. तंत्रज्ञानाच्या बाबतीत ज्या देशाला कुणी मागासलेला म्हणणार नाही, त्या देशातली ही गोष्ट.

आता जबलपूरकडे यायचं, कारण हा वाद इथे जास्त बोचतो. हे मुख्यालयांचं शहर आहे. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचं मुख्य पीठ १९५६ पासून इथे आहे. रामपूर भागातल्या शक्तिभवनात राज्याच्या वीज कंपन्यांची मुख्यालयं आहेत, रेल्वेचं विभागीय मुख्यालय आहे, तोफगाड्यांच्या कारखान्यापासून खमरियापर्यंत संरक्षण उत्पादनाची मोठी वसाहत आहे. त्यांच्याभोवती वकील, सल्लागार, विमा, बँका, ठेकेदार यांची शेकडो खासगी ऑफिसं उभी आहेत. मुख्यालयांच्या शहरात बाहेरगावाहून माणसं येतात, आणि इथे ती मंडला, दिंडोरी, बालाघाट, सिवनी, छिंदवाडा, पांढुर्णा इथून येतात. मंडला आणि दिंडोरीत निम्म्याहून अधिक लोकसंख्या आदिवासी आहे. सौंसर-पांढुर्ण्याच्या घराघरांत मराठी बोलली जाते, आणि तिथल्या शेतकऱ्याचं वीजबिल ज्या पूर्व क्षेत्र कंपनीकडून येतं तिचं मुख्यालय जबलपुरातच आहे.

अशा एका शेतकऱ्याला डोळ्यांसमोर आणू. हे चित्र कोणत्याही एका कार्यालयाचं नाही, पण कुठल्याही मोठ्या कार्यालयात घडू शकेल असं आहे. रात्रीची बस धरून तो सकाळी पोचतो. हातात प्लास्टिकची पिशवी, तिच्यात जुनी बिलं, सातबाऱ्याच्या जागी इथे चालणारा खसरा, वडिलांचा मृत्यूचा दाखला. समोर पडदा विचारतो: कुणाला भेटायचं? खाली अधिकाऱ्यांच्या नावांची यादी उघडते. याला एकही नाव माहीत नाही. त्याला माहीत आहे ती अडचण: मोटर चालते, बिल भरमसाट येतं, आणि बिलावर अजून वडिलांचं नाव आहे. पडद्याकडे अडचणीसाठी रकाना नाही. असला तरी ‘इतर’ नावाचा असतो, आणि ‘इतर’ दाबणाऱ्याला कुणी फोन करत नाही.

त्याच जागी टेबलामागे कामाची माहिती असलेली बाई बसली असेल तर? ती नाव विचारायच्या आधी म्हणते, “दादा, बिल लाए हो क्या?” बिल हातात घेते, ग्राहक क्रमांकावरून वितरण केंद्र ओळखते. मग सांगते, नाव बदलण्याचं काम इथे होत नाही, ते तुमच्याच भागातल्या कार्यालयात होतं, हे तीन कागद जोडा. पण बिलाची तक्रार इथल्या तक्रार कक्षात देता येईल, दुसरा मजला, जिन्याच्या डाव्या हाताला, आणि पावती घेतल्याशिवाय निघू नका. चार मिनिटांचं बोलणं. त्यात दोन अडचणी वेगळ्या झाल्या, एकीला वाट मिळाली, दुसरीसाठी पुन्हा जबलपूरला यायची खेप वाचली. माणूस नाव घेऊन येत नाही, अडचण घेऊन येतो. अडचणीचं नाव शोधून देणं म्हणजेच स्वागतकक्षाचं काम.

यावर उत्तर येतं की आता प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, लोक शिकतील. आकडे वेगळं सांगतात. २०१९ ते २१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांना विचारलं होतं, स्वतः वापरता असा मोबाइल तुमच्याकडे आहे का? देशभरात ५४ टक्के स्त्रियांनी हो म्हटलं. मध्य प्रदेशात ३८.५ टक्क्यांनी. ही तरुण आणि मध्यमवयीन स्त्रियांची संख्या आहे, साठीच्या पुढच्या बायका यात धरलेल्याच नाहीत. सर्वेक्षणानंतर परिस्थिती सुधारली असेल, तरी घरातला फोन नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खिशात असणं अजून सर्रास आहे. विधवा पेन्शनच्या चौकशीला आलेल्या बाईचा ओटीपी जर नागपूरला कामावर असलेल्या मुलाच्या फोनवर जात असेल, तर ती दारातच थांबते. यंत्र तिला ‘नाही’ म्हणत नाही. ते पुन्हा पुन्हा तोच आकडा मागत राहतं.

कायद्यानंही हे ओळखलं आहे, आणि एकदा नाही, अनेकदा. माहिती अधिकार कायदा २००५ चा. त्याच्या सहाव्या कलमात स्पष्ट आहे की ज्याला अर्ज लिहून देता येत नाही, त्याचं तोंडी म्हणणं लिहून काढायला जनमाहिती अधिकाऱ्यानं वाजवी ती सगळी मदत करायची. म्हणजे संसदेनं अर्जदाराच्या शेजारी एक माणूस बसवला. रिझर्व्ह बँकेची ग्राहकसेवेची सूचना सांगते की अगदी लहान शाखा सोडल्या तर प्रत्येक बँक शाखेत ‘मे आय हेल्प यू’ किंवा चौकशीचा काउंटर हवा, आणि तो दाराजवळ हवा. ज्या व्यवसायात एटीएम, पासबुक छापायची यंत्रं आणि मोबाइल बँकिंग सगळ्यांत आधी आलं, त्याच व्यवसायाच्या नियामकानं दारात माणूस हवा असं सांगितलं आहे. मध्य प्रदेशानं २०१० मध्ये लोकसेवा हमी कायदा केला, देशात पहिला. दाखले ऑनलाइन निघू लागले, पण त्यासाठी २०१२ पासून जी लोकसेवा केंद्रं उघडली, तिथे खिडकी आहे आणि खिडकीमागे अर्ज भरून घेणारा माणूस आहे.

अपंगांच्या बाबतीत तर हा केवळ सोयीचा प्रश्न उरत नाही. २०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्यानं सार्वजनिक इमारती आणि सेवा सुगम असायला हव्यात असं बंधन घातलं, आणि ते खासगी सेवांनाही लागू होतं. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं प्रज्ञा प्रसून खटल्यात डिजिटल सुगमता हा जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचं म्हटलं आणि केवायसीची पद्धत बदलण्यासाठी वीस निर्देश दिले. खटला कुणी आणला होता? ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या स्त्रियांनी आणि दृष्टिहीन व्यक्तीनं. कॅमेरा ‘पापण्या मिटून दाखवा’ म्हणत होता, आणि त्यांना ते शक्य नव्हतं. आता ऑफिसच्या दारात चेहरा ओळखणारा कॅमेरा बसवताना हाच प्रश्न पुन्हा उभा राहतो. ज्याचा चेहरा यंत्राला पटत नाही, ज्याला पडदा दिसत नाही, ज्याची बोटं थरथरतात, त्यानं कुणाकडे वळायचं? उत्तर ‘गार्डकडे’ असं असेल, तर स्वागतकक्षात माणूस लागतो हे मान्य झालंच. वाद उरतो तो त्याला शिकवायचं आणि पगार द्यायचा की नाही, एवढाच.

चौथ्या युक्तिवादाला मात्र सरळ भिडलं पाहिजे. दारातला माणूस कपडे पाहून वागतो. जात, बोली, पायातली चप्पल पाहून आवाज चढवतो. ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ म्हणतो आणि चहापाण्याचे मागतो. यंत्र असं करत नाही. हे खरं आहे, आणि ज्यांनी सरकारी दारांत अपमान गिळला आहे त्यांच्या तोंडी हा युक्तिवाद शोभतो. पण तो पुढे कुठे नेतो ते पाहायला हवं. मनमानी टिकते ती माहिती कुणा एकाच्या मुठीत असते म्हणून. टेबलामागचा माणूस हटवला तरी ही मूठ सुटत नाही. ती दाराबाहेरच्या दलालाच्या हातात जाते. कचेरीबाहेर, कोर्टाबाहेर झाडाखाली टाइपरायटर किंवा लॅपटॉप घेऊन बसणारे अर्जनवीस पाहा. त्यांतले कित्येक प्रामाणिक आहेत आणि लोकांच्या उपयोगी पडतात. पण ‘कुठल्या खोलीत, कुठल्या बाबूकडे’ हे सांगायचे पैसे त्यांच्या शेजारचा दलाल घेतो. ते घेता येतात, कारण आत ते फुकट सांगणारं कुणी नसतं. मनमानीवर उपाय आहेत, आणि ते साधे आहेत: टेबलावर नावाची पाटी, ठरावीक काळानं बदली, कोणत्या कामाला किती वेळ लागतो त्याचा फलक, तक्रारीचा नंबर मोठ्या अक्षरांत, आणि आलेल्याची नोंद यंत्रात, म्हणजे ‘कुणी आलंच नव्हतं’ असं म्हणता येणार नाही. इथे यंत्राचा उपयोग आहे आणि तो करायलाच हवा. माणसावर नजर ठेवायला यंत्र उत्तम आहे. म्हणून माणसाचं काम त्याच्यावर सोपवायचं कारण नाही.

सुरक्षेचा युक्तिवाद तुलनेनं लवकर कोसळतो. ओटीपीनं सिम कार्ड खरं आहे एवढंच कळतं, ते कुणाच्या हातात आहे हे कळत नाही. मागून कुणी दार धरून आत आलं, तर टॅबलेटला ते दिसत नाही. रोज येणारा कुरिअरवाला कोण आणि त्याच्या नावानं आज आलेला अनोळखी कोण, हे टेबलावरच्या माणसाला कळतं. आणि संकटाची वेळ आली तर? १ ऑगस्ट २०२२ रोजी जबलपुरात दमोह नाक्याजवळच्या एका खासगी रुग्णालयाला आग लागली आणि आठ जण दगावले. आत जायला आणि बाहेर पडायला एकच वाट होती. तो दोष बांधकामाचा आणि परवानग्यांचा होता, स्वागतकक्षाचा नव्हे. पण त्या घटनेनं शहराला एक गोष्ट शिकवायला हवी होती: धूर पसरल्यावर दुसरा जिना कुठे आहे हे ओरडून सांगणारा, तिसऱ्या मजल्यावर व्हीलचेअरवरचे आजोबा गेले आहेत हे लक्षात ठेवणारा माणूस दारात लागतो. वीज गेल्यावर पडद्यावरची यादी कुणाला दिसणार?

चोख नोंदीच्या युक्तिवादाला एक दुसरी बाजू आहे, आणि ती मालकांनी स्वतःच्या हितासाठी पाहावी. प्रत्येक पाहुण्याचा फोटो, फोन नंबर, कधीकधी आधारचा क्रमांक गोळा करून तो ठेवायचा कुठे, किती दिवस, आणि कुणाला दिसणार? २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं खासगी कंपन्यांनी आधार मागण्याची वाट बंद केली. पुढे कायदा बदलला तोही स्वखुशीच्या वापरापुरता. २०२३ चा वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायदा सांगतो की माहिती ज्या कामासाठी घेतली त्यालाच वापरा, गरजेपुरतीच घ्या, काम संपलं की पुसा. पाच मिनिटांसाठी आलेल्या माणसाच्या चेहऱ्याचा फोटो वर्षानुवर्षं ॲप कंपनीच्या सर्व्हरवर ठेवणाऱ्या इमारतीला या कायद्यासमोर उत्तर द्यावं लागेल. वहीत नाव लिहून घेणाऱ्या बाईला ते द्यावं लागत नाही.

उरला पैसा. माणसाचा पगार दर महिन्याला दिसतो, म्हणून तो खर्च वाटतो. येणाऱ्यांचा आणि आतल्यांचा वाया गेलेला वेळ कुठल्याही वहीत येत नाही. समजा एका इमारतीत रोज साठ माणसं येतात, आणि माहिती न मिळाल्यानं प्रत्येकाची सरासरी दहा मिनिटं फुकट जातात. साठ गुणिले दहा म्हणजे सहाशे मिनिटं, म्हणजे दहा तास. एका कर्मचाऱ्याच्या पूर्ण पाळीपेक्षा जास्त वेळ रोज वाया जातो आहे, फक्त तो दुसऱ्यांच्या खिशातून जातो. त्यात चुकीच्या दारावर टकटक झाल्यानं वरच्या ऑफिसांतल्या लोकांचं मोडलेलं काम धरलेलं नाही. एका इमारतीत आठ ऑफिसं असतील, तर तळमजल्यावरच्या एका कर्मचाऱ्याचा पगार आठ जणांत वाटला जातो. हे परवडत नाही असं म्हणणाऱ्या इमारती दर्शनी काचेवर आणि एलईडी पाट्यांवर किती खर्च करतात, ते रस्त्यावरूनच दिसतं.

ब्रिटनमध्ये हाच हिशेब देशव्यापी पातळीवर मांडला गेला. २०२३ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या रेल्वे स्टेशनांवरच्या बहुसंख्य तिकीट खिडक्या बंद करायचा प्रस्ताव आला. कारण दिलं गेलं की बहुतेक तिकिटं आता ऑनलाइन आणि यंत्रावर विकली जातात. तिकिटांचा हिशेब बरोबरच होता. पण लोकांची मतं मागवल्यावर साडेसात लाखांच्या आसपास हरकती-सूचना आल्या. अपंगांच्या संघटना, वृद्ध, एकट्यानं प्रवास करणाऱ्या स्त्रिया यांनी सांगितलं की खिडकीवर आम्ही तिकिटासाठी जातच नाही, मदतीसाठी जातो. ३१ ऑक्टोबर २०२३ ला सरकारनं रेल्वे कंपन्यांना प्रस्ताव मागे घ्यायला सांगितलं. आठवड्याला किती तिकिटं विकली एवढंच मोजणाऱ्यांना खिडकीचा उपयोग दिसलाच नव्हता, कारण तो मोजण्याचा रकानाच त्यांच्या तक्त्यात नव्हता.

मुंबईतलं उदाहरण यापेक्षा समतोल आहे, म्हणून जबलपूरनं ते नीट पाहावं. मंत्रालयात रोज राज्यभरातून माणसं येतात. २०२५ मध्ये तिथे चेहरा ओळखणारी यंत्रणा बसली आणि ऑगस्टपासून अभ्यागतांच्या प्रवेशासाठी ‘डिजीप्रवेश’ ॲपची नोंदणी आली. रांगा आटोक्यात आणणं आणि सुरक्षा हे दोन्ही हेतू रास्त आहेत. पण त्याच निर्णयात एक सोय ठेवली गेली: ज्यांना वाचता येत नाही किंवा ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, त्यांच्यासाठी गार्डन गेटपाशी नोंदणीची खिडकी. ती खिडकी हाच त्या संपूर्ण योजनेचा प्राण आहे. ती एकच असून पुरते का, तिथे बसणाऱ्याला मंत्रालयाच्या विभागांची माहिती किती, यावर लोकांनी भांडत राहिलं पाहिजे. पण खिडकी असावी हे तत्त्व तरी तिथे मान्य झालं. खासगी इमारतींचे सल्लागार मंत्रालयाचं ॲप उचलतात आणि खिडकी गाळतात, तेव्हा ते अर्धीच गोष्ट सांगत असतात.

कुठेच माणूस नसलेला स्वागतकक्ष चालणार नाही, असं इथे म्हणायचं नाही. बरगी हिल्सच्या आयटी पार्कमधल्या एखाद्या कंपनीत रोज तेच तीस कर्मचारी येत असतील आणि आठवड्यातून दोन ठरलेले पाहुणे, तर तिथे कार्डानं उघडणारं दार आणि एक फोन पुरे. तिथे माणूस बसवून त्याला दिवसभर भिंतीकडे बघायला लावणं त्याच्यावरच अन्याय. कसोटी इमारतीच्या उंचीची किंवा भाड्याची नाही, येणाऱ्याची आहे. येणारा आधी ठरवून येतो की अचानक? कुणाला भेटायचं ते त्याला माहीत आहे की फक्त अडचण माहीत आहे? तो रोजचा आहे की आयुष्यात पहिल्यांदा या दारात उभा आहे? परत जावं लागलं तर त्याचा एक तास जाणार की दिवसाची मजुरी? यातल्या दुसऱ्या बाजूची माणसं ज्या इमारतीत येतात, त्या इमारतीला माणसाशिवाय पर्याय नाही. वकिलांची, विम्याची, विजेची, पेन्शनची, दवाखान्यांची, बँकांची कार्यालयं त्यात येतात, आणि जबलपूरच्या व्यापारी इमारतींत अशा ऑफिसांचीच दाटी आहे.

तेव्हा मागणी अगदी नेमकी आहे. ज्या इमारतीत जनतेची ये-जा आहे, तिथे दाराजवळ प्रशिक्षित स्वागत कर्मचारी असावा, गार्डपेक्षा वेगळा. त्याला इमारतीतल्या प्रत्येक ऑफिसच्या कामाची यादी द्यावी आणि ती दर तिमाहीला अद्ययावत करावी. हिंदीसोबत मराठी, बुंदेली किंवा गोंडी समजणाऱ्याला नेमणुकीत प्राधान्य मिळावं, कारण इथे येणाऱ्यांच्या त्या भाषा आहेत. नोंद यंत्रावर व्हावी, पण फोन नसलेल्याला कागदावर नोंद करून आत जाता यावं. चेहऱ्याचा फोटो सक्तीचा नसावा. दोन मजल्यांवरच्या ऑफिसांनी पैसे जमवून हे सुरू करावं, सगळी इमारत तयार व्हायची वाट पाहू नये. महापालिकेनं व्यापारी इमारतींच्या परवान्याच्या अटींत चौकशीची जागा आणि माणूस हे दोन्ही लिहावेत, जसा पार्किंगचा हिशेब लिहिला जातो. आणि जिल्हा प्रशासनाला मार्ग दाखवायचाच असेल, तर दर मंगळवारी जनसुनवाईला जी गर्दी होते, तिच्या दारात दोन टेबलं टाकून सुरुवात करता येईल. अर्ज हातात घेणारा आणि तो कुठल्या विभागाचा आहे हे जागीच सांगणारा एक-एक जाणकार माणूस त्या टेबलांमागे बसवावा. आलेल्यांपैकी किती जणांना तिथेच वाट मिळाली, याचा आकडा महिन्याच्या शेवटी फलकावर लावावा, म्हणजे खुर्ची काढायला निघालेल्या इमारतींच्या मालकांनाही तो वाचता येईल.